रिट्रीटवरून घरी आलो, आता पुढे काय?

मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत कन्व्हेन्शन, संजीवन सभा (विश्वास पुन्हा जागा व्हावा म्हणून भरवलेल्या), रिट्रीट (घरापासून लांब जाऊन प्रार्थनेत घालवलेले दिवस) यांचा सीझन असतो. कोणी तीन दिवस जाऊन येतं कोणी आठवडाभर, आणि त्यातल्या काहींना तिथे खरंच काहीतरी होतं. रडू येतं आणि थांबत नाही, वर्षानुवर्षं मनात धरून ठेवलेला राग एकदम गळून पडतो, देव आहे हे लहानपणापासून माहीत असतं ते पहिल्यांदाच आतून जाणवतं, कोणी अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने स्वतःलाही न कळणाऱ्या शब्दांत, बोलायला लागतं, कोणी अगदी गप्प होऊन जातं. मग रविवारी संध्याकाळी एसटी नाहीतर ट्रेन पकडून घरी. सोमवारी सकाळी पाणी भरायची वेळ, डबे, ऑफिस, सासूबाईंच्या गोळ्या. बुधवारपर्यंत अर्धं ओसरलेलं असतं, आणि शुक्रवारी कोणावर तरी नेहमीसारखंच खेकसलं की मनात येतं, म्हणजे ते सगळं खोटंच होतं का?

मी संडे स्कूल घेते, तरुण संघातही जाऊन बसते, तिथे हा प्रश्न मुलं इतक्यांदा विचारतात की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. प्रश्न काही नवीन नाही. चर्चच्या इतिहासात मोठमोठ्या लोकांना तो पडलाय आणि त्यांनी त्यावर भरपूर डोकं चालवलंय, फक्त ते आपल्या उपदेशांत फारसं येत नाही. उपदेशात येतं ते ‘चार्जिंग’. रिट्रीट म्हणजे मोबाईल चार्जिंगला लावणं आणि घरी गेलं की बॅटरी उतरत जाणं. मला ही उपमा अजिबात आवडत नाही, कारण त्यात घरचं काम म्हणजे देवाने दिलेलं संपवणारी गोष्ट ठरते आणि मग माणूस सारखा चार्जर शोधत फिरतो, या सभेतून त्या सभेत. बायबल उघडून बघितलं तर वेगळंच दिसतं. देव ज्याला वर बोलावतो त्याला खाली काय करायचं ते त्याच भेटीत सांगतो, म्हणजे परत येणं हे त्या अनुभवातच धरलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते नीट पटायला थोडं फिरून यावं लागेल.

सुरुवात डोंगरापासून करू. येशू पेत्र, याकोब आणि योहान या तिघांनाच घेऊन उंच डोंगरावर जातो, तिथे त्याचं रूप पालटतं, कपडे लख्ख पांढरे होतात, जुन्या करारातले मोशे आणि एलीया दिसतात. मत्तय १७, मार्क ९, लूक ९, तिन्ही ठिकाणी ही गोष्ट आहे. डोंगराचं नाव बायबलमध्ये दिलेलं नाही, परंपरा ताबोर म्हणते, काही अभ्यासक हर्मोन म्हणतात. (कॅथलिक रिट्रीट सेंटरांना ताबोर नाव का असतं ते इथून कळतं.) पेत्राला काय सुचतं? तो म्हणतो, इथे किती बरं वाटतंय, आपण तीन मंडप घालू. म्हणजे मुक्काम करू. तो काय बोलतोय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं असं लूक सरळ लिहून मोकळा होतो. बिचारा पेत्र. पण कन्व्हेन्शनच्या शेवटच्या रात्री आपल्या सगळ्यांच्या मनात हेच असतं की, हे संपूच नये.

ढग येतो, वाणी होते, आणि मग कोणीच नाही, एकटा येशू. ते खाली उतरतात. आणि खाली काय चाललंय तर गर्दी, शास्त्र्यांबरोबर बाकीच्या शिष्यांची हुज्जत, आणि मधे एक बाप आपल्या मुलाला घेऊन उभा. मुलाला लहानपणापासून झटके येतात, कधी आगीत पडतो कधी पाण्यात, तोंडाला फेस येतो, दात खातो. नऊ शिष्यांनी प्रयत्न केलाय आणि त्यांना काही जमलेलं नाही.

आता गंमत बघा, आपण हे दोन वेगवेगळे धडे म्हणून शिकवतो. रूपांतराचा सण ६ ऑगस्टला, त्यावर एक उपदेश, आणि झटके येणाऱ्या मुलाची गोष्ट कधीतरी ‘विश्वास’ या विषयावर बोलताना. पण तिन्ही शुभवर्तमानकारांनी ती एकाला एक लागून ठेवलीय. राफाएल नावाच्या इटालियन चित्रकाराला हे बरोबर कळलं होतं. त्याचं शेवटचं मोठं चित्र याच प्रसंगाचं आहे, १५२० साली तो वारला, आणि ते चित्र आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे, चार मीटर उंच. नेटवर शोधून मोठं करून बघा. वरच्या अर्ध्यात उजेड, येशू हवेत तरंगतोय, तीन शिष्य डोळे झाकून जमिनीवर. खालच्या अर्ध्यात अंधार, आणि त्यात तो मुलगा, एक हात वर एक खाली, डोळे फिरलेले, मागून बापाने त्याला घट्ट धरलंय. समोर एक बाई गुडघ्यावर बसलीय, आपल्याकडे पाठ करून, आणि ती शिष्यांकडे मान वळवून मुलाकडे बोट दाखवतेय, जणू म्हणतेय इकडे बघा की जरा. एकाच फळ्यावर दोन्ही.

मला त्याहून जास्त धीर येतो तो पुढच्या भागातून. डोंगरावर गेलेले तिघं तरी खाली येऊन एकदम बदलले असतील ना? छे. मार्कच्या त्याच अध्यायात, थोडंच पुढे, शिष्य रस्त्याने भांडतायत की आपल्यात मोठा कोण. त्याच अध्यायात योहान तक्रार घेऊन येतो की कोणीतरी बाहेरचा माणूस तुमच्या नावाने भुतं काढतोय, आम्ही त्याला मनाई केली, कारण तो आपल्यातला नाही. लूकमध्ये एका शोमरोनी गावाने (शोमरोनी आणि यहुदी यांचं जुनं वैर) मुक्कामाला जागा दिली नाही म्हणून याकोब आणि योहान विचारतात, आकाशातून आग पाडून यांना जाळून टाकू का? डोंगरावर प्रत्यक्ष तेज बघितलेली माणसं ही! आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने सोबतीला नेलेले तिघं हेच, आणि ऐन वेळी झोपले तेही हेच. तेव्हा शुक्रवारी तुम्ही मुलावर खेकसलात म्हणून रविवार खोटा ठरत नाही. अनुभव खरा असतो आणि स्वभाव तरीही जुनाच असतो, दोन्ही एकाच वेळी, आणि स्वभाव बदलायला वर्षं लागतात. पेत्राला किती लागली बघा. येशू पुन्हा उठल्यावरसुद्धा हा परत मासे धरायला गेला होता, आणि किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर मासे भाजून येशूने त्याला न्याहारी दिली आणि मग काम सांगितलं, माझी मेंढरे पाळ.

एलीयाचं पण असंच. १ राजे १९ वाचा. हा माणूस आधी एका झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवदूत येऊन उपदेश करत नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, एलीया खातो, झोपतो, परत उठून खातो. मग चाळीस दिवस चालून होरेब डोंगर. तिथे वारा, भूकंप, अग्नी, आणि त्यानंतर तो शांत मंद आवाज ज्यावर आपण इतके उपदेश ऐकलेत. पण आवाज काय म्हणाला यावर मात्र कमी बोललं जातं. तो म्हणाला, एलीया, इथे काय करतोयस? आणि मग कामांची यादी: आल्या वाटेने परत जा, दमिष्काच्या रानाकडे, हजाएलला अभिषेक कर, येहूला कर, अलीशाला तुझ्या जागी नेम. एवढ्या मोठ्या दर्शनातून हातात काय आलं तर तीन माणसांची नावं आणि परतीचा रस्ता.

आता बायबलच्या बाहेर येऊ, कारण या विषयावर सगळ्यात कामाची गोष्ट मला एका स्पॅनिश लंगड्या सैनिकाकडून मिळाली. मी प्रॉटेस्टंट मंडळीतली आहे, आमच्यात कॅथलिक संतांची फारशी ओळख नसते, पण इग्नेशियस लोयोला सगळ्यांनी वाचावा असं माझं स्पष्ट मत आहे. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय गेला, म्हणजे कापावा लागला नाही पण हाड मोडून कायमचा अधू झाला. अंथरुणावर पडल्यापडल्या तो बदलला. मग १५२२ मध्ये मान्रेसा नावाच्या गावात तो वर्षभराच्या आतबाहेर राहिला, दिवसाचे सात सात तास प्रार्थना, भिक्षा मागून खाणं, केस आणि नखं वाढवलेली, विंचरणं कापणं बंद. तिथे नदीकाठी बसला असताना त्याला असं काही उमगलं की पुढे आयुष्यभर शिकलेलं सगळं एकत्र केलं तरी त्या एका वेळेइतकं होणार नाही असं तो म्हातारपणी सांगायचा.

हे झालं दर्शन. पण त्याच्या आठवणींत दोन बारीकशा गोष्टी आहेत त्या मला दर्शनापेक्षा मोठ्या वाटतात. एक, मान्रेसातच, रात्री झोपायला गेला की त्याला मोठमोठे प्रकाश आणि गोड अनुभव यायला लागले, आणि झोपेचा वेळ ठरवलेला आधीच थोडा. दिवसभर देवासाठी इतका वेळ दिलाय, मग ही झोपेच्याच वेळी का येतात, असा विचार करून त्याने ठरवलं की हे बाजूला ठेवायचं आणि झोपायचं. आणि तो झोपला. दुसरी गोष्ट बार्सिलोनाची, १५२४ नंतरची. लोकांची सेवा करायची तर शिकलं पाहिजे म्हणून तिशी उलटलेला हा माणूस लॅटिनचं व्याकरण शिकायला बसला, पोरांनी शिकायचा विषय. पाठांतराला बसला की डोक्यात आध्यात्मिक गोष्टींचे नवे नवे अर्थ उलगडायला लागायचे, इतकी गोडी की क्रियापदं राहायची बाजूला. त्याच्या लक्षात आलं की प्रार्थनेला किंवा मिस्साला (कॅथलिक उपासनेला) बसल्यावर एवढं येत नाही, बरोबर अभ्यासाच्या वेळीच येतं. म्हणजे ही अडवणूक आहे. मग मास्तरांना घेऊन तो जवळच्या चर्चमध्ये गेला, त्यांना सगळं सांगितलं, आणि वचन दिलं की भाकर आणि पाणी मिळतंय तोवर दोन वर्षं एकही तास चुकवणार नाही. त्यानंतर तो त्रास गेला.

विचार करा, आपल्यापैकी कोणाला अभ्यास करताना किंवा स्वयंपाक करताना असं गोड काही जाणवलं तर आपण काय करू? व्हॉट्सअॅपवर साक्ष टाकू, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगू. हा माणूस म्हणतो, समोर ठेवलेल्या कामापासून जे ओढून नेतं ते कितीही पवित्र दिसलं तरी तपासून बघ. आणि हो, लोकांना मदत करायला लागल्यावर त्याने ती केस आणि नखं वाढवायची भानगडही सोडून दिली आणि कापून टाकली. मला हे फार आवडतं.

यातूनच पुढे त्याने जे नियम लिहिले त्यातला एक तर कन्व्हेन्शनच्या गेटवर बोर्ड करून लावावा असा आहे. तो म्हणतो की देवाकडून थेट मिळालेलं सांत्वन एक गोष्ट, आणि त्यानंतरची ऊब ही दुसरी गोष्ट. पहिल्यात फसवणूक नसते. पण दुसऱ्या वेळात मन तापलेलं असतं आणि त्यात माणूस आपल्याच बुद्धीने, आपल्याच सवयीने बेत करायला लागतो आणि त्यालाही देवाचीच वाणी समजतो. म्हणून त्या वेळात सुचलेले बेत अंमलात आणण्याआधी नीट पारखून घ्यायचे. साध्या भाषेत, देवाने तुम्हाला शनिवारी रात्री सांगितलं असेल की मी तुझ्यावर प्रीती करतो, ते शंभर टक्के खरं. पण रविवारी दुपारी परतीच्या ट्रेनमध्ये तुम्ही जे ठरवलंत, की नोकरी सोडायची, सेमिनरी (पाळक किंवा फादर व्हायचं शिक्षण) जॉईन करायची, फिक्स डिपॉझिट मोडून अमक्या सेवेला द्यायचं, ते बहुतेक तुमचं असतं. वाईट असेलच असं नाही. पण ते देवाच्या नावावर लगेच खपवू नका, महिनाभर थांबा, पाळकसाहेबांशी किंवा फादरांशी बोला, घरच्यांशी बोला. आणि उलट बाजूचा नियमही त्यानेच दिलाय, मन कोरडं, उदास, देव लांब वाटतोय अशा काळात आधीचे चांगले निर्णय फिरवायचे नाहीत. म्हणजे फार वर असताना नवीन काही सही करू नका आणि फार खाली असताना जुनं काही फाडू नका.

आता आपल्या मातीतलं उदाहरण, आणि हे खरं तर जगाला माहीत असलेलं उदाहरण आहे, आपल्यालाच कमी माहीत. पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्या संस्कृत पंडिता आणि समाजसुधारक एवढ्याच येतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. मग १८९६ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरीबाळी आणल्या आणि पुणे-दौंड लाईनवरच्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे जवळजवळ दोन हजार बायका आणि मुलं होती. दोन हजार माणसांचं रोजचं जेवण म्हणजे काय याचा हिशोब ज्याने कधी लग्नाचा स्वयंपाक बघितलाय त्याने करून बघावा.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना म्हटलं की संजीवनासाठी रोज माझ्याबरोबर प्रार्थना करायला कोण येणार, आधी ७० जणी आल्या, वाढत वाढत जूनपर्यंत ५५० झाल्या. जूनच्या अखेरीस एका पहाटे एका मुलीला असा अनुभव आला की तिला आपलं अंग आगीने पेटल्यासारखं झालं. खोलीवर देखरेख करणारी बाई धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आता ओतणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की ही खरोखरची पेटलेली नाही. (बादली आणणाऱ्या बाईबद्दल मला फार आदर आहे, तिने जे करायला हवं तेच केलं.) दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाचा ८ वा अध्याय शिकवत होत्या आणि मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करायला लागल्या, इतकं की त्यांना बोलणं थांबवावं लागलं. रडणं, पापं कबूल करणं, तासन्‌तास प्रार्थना, पुढे काहींनी अन्य भाषाही बोलल्या. त्या वेळच्या बऱ्याच मिशनरी मंडळींना हा आरडाओरडा पसंत पडला नाही. रमाबाईंनी मात्र मुलींना गप्प बसवलं नाही. मिनी अॅब्रम्स या तिथल्या अमेरिकन मिशनरीबाईंनी त्यावर छोटंसं पुस्तक लिहिलं आणि ते चिलीमधल्या त्यांच्या मैत्रिणीकडे पोचलं, तिकडे १९०९ ला संजीवनाची जी मोठी चळवळ झाली तिची एक मुळी केडगावात आहे. आपण दौंडच्या गाडीत बसून जातो त्या स्टेशनाबद्दल बोलतोय बरं का.

पण माझा मुद्दा संजीवनाच्या दुसऱ्या सकाळचा आहे. मुक्तीत दुसऱ्या सकाळी काय झालं असेल? जात्यावर पीठ पडलंच असेल, कारण दोन हजार तोंडं. मुक्तीत हातमाग होते, तेलाचा घाणा होता, गाईगुरं, शेती, धोबीकाम, छापखाना, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवणं, हे सगळं चालूच राहिलं. मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत जायला लागल्या. आणि स्वतः रमाबाई? साधारण त्याच वर्षांत त्यांनी एका कामाला हात घातला होता, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर, खेड्यातल्या बाईला कळेल असं. संस्कृतवर एवढी हुकूमत असलेल्या बाईने मुद्दाम सोपी मराठी निवडली. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, कोश उघडून, एकेक ओळ. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, टाईप जुळवणाऱ्या तिथल्याच बायका, म्हणजे ज्यांना दुष्काळातून उचलून आणलं होतं त्याच. हे काम जवळजवळ अठरा वर्षं चाललं. १९२१ मध्ये त्यांची मुलगी मनोरमा वारली, तरी ते थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या त्याच्या थोडंच आधी त्यांच्या हातून ते पुरं झालं होतं. आपण संजीवनाची गोष्ट सांगतो तेव्हा बादलीपर्यंत येऊन थांबतो. प्रुफं तपासायची अठरा वर्षं कोणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही.

आमच्याच मंडळीतल्या एक मावशी आहेत, नाव नको. एका कन्व्हेन्शनवरून त्या अक्षरशः उजळून आल्या. आणि घरी आल्यावर पहाटे चारला उठून मोठ्याने प्रार्थना सुरू, वन बीएचकेमध्ये. मुलगा नाईट शिफ्ट करून तीनला झोपलेला, नातवाची दहावी. आठ दिवस घरच्यांनी सहन केलं, मग सुनेने महिला मंडळात सगळ्यांसमोर विचारलं की, आई, देव तुम्हाला भेटला त्याचा आम्हाला आनंदच आहे, पण त्याने तुम्हाला आमच्याबद्दल काहीच सांगितलं नाही का? सगळ्याजणी चूप. मावशींना राग आला, दोन रविवार आल्या नाहीत. नंतर हळूहळू त्यांनी वेळ बदलली, आता दुपारी सगळे बाहेर असताना तांदूळ निवडता निवडता एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करतात, मोठ्याने करायची तर तेव्हा मोठ्याने. सून अजूनही म्हणते की आमचा खरा आशीर्वाद तो.

अशा सुना आणि असे प्रश्न जुन्या काळीही होतेच. तेराव्या-चौदाव्या शतकातला डॉमिनिकन या कॅथलिक संन्यासी संघातला जर्मन गुरू एकहार्ट म्हणून गेलाय की तू पौलासारखा स्वर्गात उचलला गेला असशील आणि तुला कळलं की एका आजारी माणसाला सूप हवंय, तर तो आनंद सोडून सूप देणं जास्त बरं. अविलाची तेरेसा, सोळाव्या शतकातली स्पॅनिश संन्यासिनी, जिला काय काय दर्शनं झाली त्याला गणती नाही, ती सांगायची की आज्ञा झाली आणि स्वयंपाकघरात जावं लागलं तर प्रभू तिथे भांड्याकुंड्यांतही आहे, आणि देवाशी अगदी जवळचं मीलन कशासाठी तर त्यातून कामं जन्माला यावीत म्हणून. बाई नुसती बोलली नाही, शेवटच्या वीस वर्षांत बैलगाड्या खेचरगाड्यांतून फिरून, कर्जं, कोर्टकचेऱ्या, आजारपण सांभाळून तिने सतरा मठ काढले. आणि पौल, ज्याला तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेलं होतं, त्याने ती गोष्ट चौदा वर्षांनी, तीही नाइलाजाने आणि दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी सांगितली. पोटापाण्याला तो तंबू शिवायचा. पेत्राला डोंगरावर जे टाकायचे होते ते पौल बाजारात विकत होता म्हणा ना.

एक अवघड गोष्ट राहिली, ती टाळता येणार नाही. काहींचा अनुभव परत येतच नाही. मदर तेरेसांना १० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगला जाणाऱ्या ट्रेनमध्ये जे बोलावणं जाणवलं त्यावर त्यांनी सगळं आयुष्य टाकलं, १९४८ मध्ये कॉन्व्हेंट सोडून कलकत्त्याच्या वस्तीत उतरल्या. आणि काम सुरू झालं तशी आतली सगळी गोडी गेली. मधला थोडा काळ सोडला तर पुढची जवळजवळ पन्नास वर्षं, १९९७ ला त्या जाईपर्यंत, प्रार्थनेत त्यांना कोरडेपणा आणि अंधारच जाणवत होता, हे त्यांची पत्रं २००७ मध्ये बाहेर आली तेव्हा जगाला कळलं. काहींनी तेव्हा म्हटलं, म्हणजे त्यांचा विश्वासच नव्हता. मी उलट म्हणेन, ट्रेनमध्ये मिळालेल्या एका शब्दावर ज्या बाईने पन्नास वर्षं रोज पहाटे उठून बिनगोडीचं काम केलं तिच्यापेक्षा जास्त विश्वास कसा दिसतो ते मला दाखवा. हे सगळ्यांच्या वाट्याला येतं असं नाही, येऊही नये, पण गोडी गेली म्हणजे देव गेला असा हिशोब लावणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

आता काही रोखठोक गोष्टी, कारण आमच्याकडे या बाबतीत नुकसान झालेली माणसं मी बघितलीयत. सभेत कोणी म्हटलं तू बरा झालास, तरी बीपीच्या, शुगरच्या, फिट्सच्या, डिप्रेशनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. बरं झालं असेल तर डॉक्टरांच्या रिपोर्टमध्येही दिसेल, देवाला तपासणीची भीती नसते, येशूनेच बरं केलेल्या कुष्ठरोग्याला जाऊन याजकाला दाखव म्हणून सांगितलं होतं. कोणाची तीन-चार दिवस झोपच उडाली, बोलणं भरधाव झालं, पैसे उधळायला लागला, किंवा आवाज त्याला स्वतःचं नाहीतर दुसऱ्याचं बरंवाईट करायला सांगतायत, तर ते आत्म्याचं कार्य म्हणून टाळ्या वाजवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, प्रार्थना जाताना रिक्षात करता येते. आणि जो प्रचारक म्हणतो की हा अनुभव फक्त माझ्याच सभेत मिळतो, किंवा घरच्यांना सोड, किंवा देव कैक पटीने परत देईल, बियाणं म्हणून अमुक हजार टाक, त्याच्यापासून चार हात लांब.

लोकांना सांगायचं की नाही? डोंगरावरून उतरताना येशूने त्या तिघांना सांगितलं होतं की सध्या कोणाला बोलू नका. मला वाटतं पहिले काही आठवडे एका भरवशाच्या माणसाला सांगावं आणि वहीत लिहून ठेवावं, बस. घाईने साक्ष दिली की दुसऱ्या वेळी आपण जरा वाढवून सांगतो, तिसऱ्या वेळी आणखी, आणि मग मूळ काय होतं ते आपल्यालाच आठवत नाही. वही बदलत नाही.

आणि पहिल्या आठवड्यात मोठं व्रत धरू नका, रोज तीन तास प्रार्थना वगैरे, ते गुरुवारी मोडतं आणि मग अपराधी वाटत बसतं. एकच माणूस निवडा, घरातला किंवा ऑफिसातला, ज्याच्याशी तुमचं जमत नाही, आणि त्याच्यासाठी एक ठराविक छोटं काम रोज करा. सासऱ्यांना पेपर वाचून दाखवणं, ज्या कलिगला कोणी विचारत नाही तिच्यासोबत डबा खाणं, असलं. त्यात गोडी नसेल, नसू दे.

पुढच्या वर्षी परत जावं का असंही मुलं विचारतात. अवश्य जा, येशूही पुन्हापुन्हा एकांतात जायचाच. फक्त फॉर्म भरायच्या आधी घरात विचारा की त्या तीन दिवसांत आजीला आंघोळ कोण घालणार आणि पाणी कोण भरणार, आणि ज्याने गेल्या वर्षी ते केलं त्याला या वर्षी जायचंय का.